नोव्हेंबर, हयातीचा दाखला आणि निवृत्तीनंतरचे दिवस

कालवाकाठ | ५ नोव्हेंबर २०२४

काल, सोमवारी, साताऱ्यातील आमच्या बँकेच्या शाखेत जाऊन मी यंदाच्या हयातीच्या दाखल्याचे काम पूर्ण केले. या वर्षी नोव्हेंबरची १ तारीख लक्ष्मीपूजनाची होती आणि पाठोपाठ पाडवा व भाऊबीज आल्यामुळे बहुतेक निवृत्तिवेतनधारक एकाच दिवशी लोटले होते. ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. राज्य शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांची शाखानिहाय यादी कोषागारातून बँकेकडे येते, आपण नोव्हेंबर महिन्यात जाऊन त्या यादीत आपल्या नावासमोर स्वाक्षरी करायची किंवा अंगठा उमटवायचा, आणि ते राहून गेले तर पुढे निवृत्तिवेतन थांबते. काम पाच मिनिटांचे आहे. मला मात्र तेथून निघायला दुपारचा एक वाजला, आणि त्या अडीच तासांविषयीच मला लिहायचे आहे.

मी जलसंपदा विभागात कालवा निरीक्षक होतो. नोकरीची बहुतेक वर्षे धोम धरणाच्या कालव्यांवर गेली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख १ जून लिहिली, जशी त्या काळी गावोगावच्या मुलांची लिहिली जात असे. आणि पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो या नियमाने मी ५८ वर्षे पूर्ण करून ३१ मे २०२१ रोजी निवृत्त झालो. तेव्हा करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरू लागली होती. कार्यालयात उपस्थिती मोजकी होती. पाणी अर्जांच्या नोंदवह्या आणि गोदामाच्या किल्ल्या ताब्यात दिल्या, त्याची पोच घेतली, मुखपट्टी लावलेल्या दोन सहकाऱ्यांना दुरून नमस्कार केला आणि घरी आलो. निरोप समारंभ झाला नाही. त्या दिवशी त्याचे काही वाटले नाही, कारण आसपास माणसे जात होती आणि अशा काळात हारतुऱ्यांची आठवण काढणेही योग्य वाटले नसते.

पहिले पाच महिने मात्र कठीण गेले. त्या जुलैत रात्री पाऊस वाढला की मला जाग येत असे. कालव्याच्या कोणत्या भरावाला धोका आहे, कोठे ओढ्याचे पाणी आत घुसू शकते, चौकीदार जागा आहे का, हे सारे मनात एकापाठोपाठ एक येई आणि हात आपोआप फोनकडे जाई. मग लक्षात येई की आता तो फोन दुसऱ्या कोणीतरी करायचा आहे. मी खिडकीपाशी बसून पाऊस ऐकत राहत असे. पत्नी उठून पाणी आणून देई आणि काही न बोलता शेजारी बसे.

मग २०२१चा नोव्हेंबर आला. एसटीचा संप सुरू होता, त्यामुळे आमचा वाईचा मित्र दुचाकीवर आला. बँकेच्या दारात एकेक जण भेटत गेला आणि आमच्या लक्षात आले की टाळेबंदीच्या काळात निवृत्त झालेले, निरोप न मिळालेले, आम्ही चौघे तेथे आहोत. आमच्या आधी निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पिशवीतून एक शाल, एक नारळ आणि कंदी पेढ्यांचा पुडा काढला. शाल एकच होती. ती आळीपाळीने आम्हा चौघांच्या खांद्यावर घातली गेली, नारळ हातोहात फिरला आणि पोवई नाक्यावरच्या चहाच्या दुकानात प्रत्येकाविषयी कोणीतरी दोन शब्द बोलले. माझ्याविषयी वाईचा मित्र बोलला. एका उन्हाळी आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीत, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांना पाणी पोहोचावे म्हणून आम्ही दोघे तीन रात्री कालव्यावर चालत होतो, ती हकिगत त्याने सांगितली. घरी आल्यावर मी ती पत्नीला सांगू लागलो आणि मला बोलवेना. त्या रात्री मी सलग झोपलो.

तेव्हापासून दर नोव्हेंबरला आम्ही ठरवून एकाच दिवशी जातो. स्वाक्षरी पाच मिनिटांची, बाकीचा वेळ एकमेकांचा. कोणाचे रक्तातील साखरेचे प्रमाण वाढले, कोणाची सून नोकरीला लागली, कोणाच्या निवृत्तिवेतनाचा फरक अद्याप मिळाला नाही, हे तेथे कळते. यादीत एखाद्या नावासमोरची जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी राहिली तर तेही तेथेच कळते.

आनंद पुष्कळ आहेत. पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून मंगळाईच्या देवळापाशी टेकायचे आणि खाली शहरातले दिवे एकेक करून मालवताना पाहायचे, हे नोकरीत असताना आठवड्यातून एकदाही जमले नव्हते. रब्बीचे पाणी सुटले की नातवाला घेऊन कालव्याच्या कडेने चालत जातो आणि मोजपट्टीवरचा आकडा त्याला वाचायला लावतो. अडचणी लहान आहेत, पण त्या रोजच्या असतात. माझी स्वाक्षरी बदलली आहे. ‘र’ची शेपटी आता पूर्वीसारखी वळत नाही, आणि दोनदा माझा धनादेश स्वाक्षरी जुळत नाही म्हणून परत आला. आपल्याच हाताने आपली ओळख नाकारावी, याचे मला फार वाईट वाटले. शेवटी नवी स्वाक्षरी नोंदवून घेतली.

आपल्यापैकी जे निवृत्त आहेत, किंवा ज्यांच्या घरी निवृत्त माणसे आहेत, त्यांनी आपले अनुभव लिहावेत अशी विनंती आहे. मोठ्या गोष्टी नकोत. रोजच्या लिहा.

सागवान | ५ नोव्हेंबर

दादा, आपले लिखाण वाचून मी बराच वेळ नुसतीच बसून राहिले. मी चिपळूण तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. निवृत्त झाले तरी अकराला दहा मिनिटे कमी असताना माझे पाय आपोआप अंगणात येतात, कारण शेजारच्या शाळेची प्रार्थना तेथून ऐकू येते. ती पूर्ण होईपर्यंत मी उभी राहते.

हयातीच्या दाखल्याचा माझा अनुभव गेल्या वर्षीपर्यंत त्रासाचा होता. आमच्या बँकेची शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली आणि नव्या शाखेतील यादीत माझे नावच नव्हते. तेथील कर्मचाऱ्यांनी जुन्या शाखेच्या यादीत पाहा म्हणून सांगितले, आणि जुनी शाखा तर बंद झालेली. गुडघ्यांचे दुखणे घेऊन त्या आठवड्यात मी तीनदा एसटीने तालुक्याला गेले. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले आहे, त्यामुळे पैशांची झळ कमी बसली. शेवटी ‘जीवन प्रमाण’ या, आधारवरून यंत्राद्वारे दाखला काढण्याच्या पद्धतीने करावे असे ठरले, तर यंत्र माझ्या बोटांचे ठसे घेईना. अंगठा, तर्जनी, मधले बोट, सगळे झाले. वय वाढले की बोटांवरच्या रेषा पुसट होत जातात, आणि जन्मभर भांडी घासलेल्या, अंगण सारवलेल्या बायकांच्या तर अधिकच. रांगेत माझ्यामागे माणसे थांबलेली, आणि मी साडीच्या पदराने पुन्हा पुन्हा बोटे पुसत होते. तो क्षण मला आजही सोसत नाही.

मार्ग निघाला तो माझ्या एका विद्यार्थ्यामुळे. तो आता महा ई-सेवा केंद्र चालवतो. मला दारात पाहताच तो खुर्चीवरून उठून उभा राहिला, जसा वर्गात राहत असे. तो म्हणाला, “बाई, ठशांची गरजच नाही, चेहऱ्यावरून होते.” त्याने माझ्या फोनवर दोन उपयोजने घेतली, आधार क्रमांक, पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक आणि खाते क्रमांक भरला, मला उजेडाकडे तोंड करून बसवले आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली. संदेश आला तेव्हा त्याने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. पैसे घेतले नाहीत. दहावीत त्याला निबंधात कमी गुण दिले होते, हे मला त्या वेळी आठवले आणि मी त्याला ते बोलूनही दाखवले. तो म्हणाला, “बाई, तो निबंध मी नंतर पुन्हा लिहिला होता, तुम्ही पुन्हा तपासला होता.” मला ते आठवत नव्हते. त्याला आठवत होते.

रात्रपाळी | ६ नोव्हेंबर

मी भुसावळ विभागात लोको पायलट होतो आणि ६०व्या वर्षी निवृत्त झालो. मला निवृत्तीचा सर्वात मोठा आनंद विचाराल तर मी एकच सांगेन, रात्रीची झोप. रात्री दोन वाजता बोलावणे आले की उठून निघायचे, पहाटे कोठल्यातरी स्थानकाच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडी चालवणाऱ्यांच्या विश्रामगृहात, पोहोचायचे आणि सूर्य वर आला असताना पडदे ओढून झोपायचे, असे आयुष्य गेले. दिवाळीच्या पहाटेचे पहिले अभ्यंगस्नान घरच्या सर्वांबरोबर मी निवृत्त झाल्यावर केले. मुले तोवर मोठी होऊन बाहेरगावी गेली होती, पण त्या वर्षी दोघेही मुद्दाम आले. मोठ्याने माझ्या पाठीला उटणे लावले. तो लहान असताना मी त्याला कितीदा लावले असेन, याचा हिशोब मी त्या वेळी मनात करत होतो.

सवय मात्र लवकर जात नाही. रुळांवरून मालगाडी गेली की डबे किती असतील याचा अंदाज कान घेतात. पत्नी अजूनही रात्री एक-दीडच्या सुमारास जागी होते, कारण डबा भरून देण्याची तिची वेळ ती होती. आम्ही दोघे कधीकधी त्या वेळी उठून दूध गरम करतो आणि बोलत बसतो.

माझे वडील ८३ वर्षांचे आहेत आणि तेही रेल्वेतूनच निवृत्त झाले. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांनी ऐंशी वर्षे पूर्ण केली असतील तर त्यांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासून देता येतो, म्हणजे नोव्हेंबरच्या गर्दीत उभे राहावे लागत नाही. ही गोष्ट अनेक घरांत ठाऊक नसते, म्हणून लिहितो. ऐंशीनंतर मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ती आपल्याला सुरू झाली आहे की नाही हेही एकदा पाहावे. त्यांना चालवत नाही, त्यामुळे आम्ही टपाल खात्याच्या बँकेतर्फे पोस्टमनला घरी बोलावतो. तो यंत्र घेऊन येतो, सत्तर रुपये घेतो आणि पंधरा मिनिटांत काम होते. वडील त्या दिवशी सकाळपासून धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसतात. पोस्टमनला चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाहीत आणि आपण चालवलेल्या वाफेच्या इंजिनाची गोष्ट त्याला दरवर्षी सांगतात. तो दरवर्षी ती नव्याने ऐकतो. त्या माणसाचे माझ्यावर मोठे ऋण आहे.

एक खंत आहे. आम्हाला रेल्वेचे पास मिळतात, पण माझ्या शेजाऱ्यांना ज्येष्ठ नागरिक म्हणून तिकिटात मिळणारी सवलत २० मार्च २०२० पासून बंद झाली ती अद्याप परत आलेली नाही. पूर्वी पुरुषांना ४० आणि महिलांना ५० टक्के मिळत असे. ते दरवर्षी पंढरपूरला जात, आता एक वर्षाआड जातात.

तुळशीवृंदावन | ७ नोव्हेंबर

येथे बहुतेकांनी नोकरीतून निवृत्त झालेल्यांच्या बाजूने लिहिले आहे. मी घरात राहणाऱ्या बाजूने लिहिते. माझे यजमान चिंचवडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्या निवृत्तीचा दिवस माझ्याही आयुष्यातला मोठा बदल होता, पण त्याचा समारंभ माझ्यासाठी नव्हता.

छत्तीस वर्षे सकाळी सातनंतर घर माझे होते. पोळ्या झाल्या की मी ओट्यापाशी उभ्यानेच चहा घेत असे, आकाशवाणी लावत असे, दुपारी दोन ते तीन आडवी होत असे. ते घरी राहू लागले आणि महिन्याभरात मला कळले की तो एक तास माझा राहिलेला नाही. दूरदर्शन संचाचा आवाज, अकरा वाजताचा दुसरा चहा, डबे कोणत्या क्रमाने लावावेत याविषयी सूचना. त्यांचा हेतू चांगलाच होता. कारखान्यात त्यांच्या हाताखाली पन्नास माणसे होती आणि सुधारणा सुचवणे हेच त्यांचे काम होते. मी मात्र चिडू लागले, आणि चिडल्याचे दुःख चिडण्याहून अधिक होई. एका दुपारी मी गच्चीवर जाऊन रडले. खाली आले तेव्हा त्यांनी विचारले, आणि मी प्रथमच स्पष्ट सांगितले की मलाही दिवसातले काही तास कोणी काही न मागता हवे आहेत.

त्यांनी ते मनावर घेतले, याचे श्रेय मी त्यांना मनापासून देते. आता सकाळची भाजी तेच आणतात, निवडतात आणि चिरतात. शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटण्याचे काम त्यांनी मागून घेतले आहे. बारा ते चार ते ज्येष्ठ नागरिक संघाच्या वाचनालयात जातात. चार वाजता परततात तेव्हा मी चहा ठेवलेला असतो, आणि आम्ही तो बसून घेतो. लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली, पण दुपारचा चहा समोरासमोर बसून घेण्याची सवय आम्हाला आत्ता कोठे लागली आहे.

आणखी एक गोष्ट मी बायकांना आवर्जून सांगू इच्छिते. ठेवींच्या पावत्या कोठे आहेत, नामनिर्देशन कोणाचे आहे, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आपले नाव आणि जन्मतारीख कागदोपत्री बरोबर आहे का, हे आज, ते शेजारी बसलेले असताना पाहून घ्यावे. माझ्या नावाचे स्पेलिंग आधारवर एक आणि त्यांच्या कागदांवर दुसरे होते. ते दुरुस्त करायला चार महिने लागले. माझ्या थोरल्या जाऊबाईंना हेच काम दीर गेल्यानंतर, तेराव्याच्या आठवड्यात करावे लागले होते. त्या खिडकीपाशी त्यांच्याबरोबर मी उभी होते.

ताणाबाणा | ८ नोव्हेंबर

सर्वांचे वाचले. मी इचलकरंजीचा. सूतगिरणीत एकोणतीस वर्षे काम केले. हे मी सांगतो आहे आणि नात लिहून घेते आहे.

आमचे निवृत्तिवेतन भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेतले. सप्टेंबर २०१४ पासून त्याची किमान रक्कम एक हजार रुपये ठरली आणि अद्यापही तेवढीच आहे. माझे दोन हजारांच्या आत आहे. त्यात महागाई भत्ता नसतो, त्यामुळे पहिल्या वर्षी जो आकडा आला तोच आज येतो. आपण सर्वजण ज्या निवृत्तीविषयी लिहीत आहात तिचा मला हेवा वाटत नाही, आनंदच वाटतो. पण आमच्यासारख्यांची निवृत्तीही या धाग्यात असावी म्हणून सांगितले. मी अजून संध्याकाळी चार तास एका सुताच्या गोदामात नोंदी ठेवतो. मालक भला आहे, बसायला खुर्ची देतो.

आमच्या दाखल्याला नोव्हेंबरचे बंधन नाही. वर्षात कधीही द्यावा, दिल्यापासून बारा महिने चालतो. त्यामुळे आपल्यासारखी भेट आमची होत नाही. प्रत्येक जण आपापल्या महिन्यात एकटा जातो. आपले शालीचे वाचले आणि वाटले, आम्हीही एक महिना ठरवून घ्यावा.

गिरणीतल्या आवाजाने डावा कान गेला आहे. नात हळू बोलते. तिने आपणहून उजव्या बाजूला बसायची सवय लावून घेतली आहे, जेवताना, गाडीवर, देवळातही. मी तिला कधी सांगितले नव्हते.

*(आजोबांनी हे वाक्य लिहायला सांगितले म्हणून लिहिले. — नात)*

दूरदेशी | ९ नोव्हेंबर

मी डब्लिनमध्ये राहते आणि आई सोलापूरला एकटी असते. ती टपाल खात्यातून निवृत्त झाली आहे. तिचा चेहऱ्यावरून दाखला काढण्याचा प्रयत्न आम्ही व्हिडिओ संभाषणावर तीन रविवार केला, आणि दर वेळी मी अधीर झाले, एकदा तर आवाजही चढवला. वरचे वाचून काल तिला फोन केला, क्षमा मागितली आणि आमच्या भागातल्या पोस्टमनला बोलावण्याविषयी सांगितले. ती म्हणाली की त्या कार्यालयातले दोघे जण तिने काम शिकवलेलेच आहेत, ती स्वतःच तेथे जाईल. इतक्या उत्साहाने ती बरेच दिवसांत बोलली नव्हती. कोणती साडी नेसावी हेही तिने मला विचारले.

कालवाकाठ | ११ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. ताणाबाणा दादा, महिना ठरवून घ्याच. पहिल्या वर्षी दोघे आले तरी पुरेसे आहे. आमचीही सुरुवात ठरवून झाली नव्हती.

सागवान ताईंनी लिहिलेली चेहऱ्याची पद्धत काल प्रत्यक्ष उपयोगी पडली. ज्या वाईच्या मित्राविषयी मी लिहिले होते, तो यंदा सोमवारी आला नव्हता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला अजून जिना उतरता येत नाही आणि दाखल्याचे कसे होणार या काळजीने तो दोन रात्री झोपला नव्हता, हे त्याच्या मुलाकडून समजले. काल रविवार होता. आम्ही पाच जण साताऱ्याहून निघालो. त्याला खिडकीपाशी बसवले, आधी चष्मा लावून आणि मग काढून पाहिले, तेव्हा तिसऱ्या खेपेस प्रमाण क्रमांकाचा संदेश आला. तीच २०२१ची शाल आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जपून ठेवली आहे, ती त्यांनी बरोबर आणली होती. मित्राच्या खांद्यावर ती घातली, पेढे वाटले, आणि त्या तीन रात्रींची हकिगत या वेळी मी सांगितली. तो मध्ये मध्ये मला दुरुस्त करत होता. रात्री तीन नव्हत्या, चार होत्या असे त्याचे म्हणणे आहे.

निघताना त्याने मला जिन्यापाशी हाक मारून थांबवले आणि जाताना कालव्याच्या रस्त्याने जा, पाणी सुटले आहे का ते पाहा आणि पोहोचल्यावर फोन करून सांग, असे सांगितले. आम्ही त्या रस्त्याने आलो. पाणी सुटले होते. मी गाडी थांबवून खाली उतरलो, मोजपट्टीवरचा आकडा वाचला आणि तेथूनच त्याला कळवला.